‘ती बँकेतली बाई, लै शिष्ट’

पत्र

नमस्कार बाई,

माझं वय ३९. पूर्व भागातल्या एका पतसंस्थेत १४ वर्षं कॅशिअर आहे. सासर जुळे सोलापुरात, एकत्र कुटुंब. लहानपणापासून मी भित्री. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, तळहाताला घाम येतो. मार्गशीर्षात चुलत नणंदेचं लग्न झालं, होटगी रोडवरच्या एका कार्यालयात. जेवून हात धुवायला गेले तर भिंतीपलीकडून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज आला. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. त्या मावससासूंना सांगत होत्या, ‘ती व्हय? ती बँकेतली बाई. आपल्यात कुठं मिसळती? लै शिष्ट.’ मावससासू म्हणाल्या, ‘तोंडावर हसू म्हणून न्हाई.’ नंतर मला तिथे बसवेना. सगळं लग्नघर माझ्याकडेच बघतंय असं वाटत राहिलं.

घरी येऊन मिस्टरांना विचारलं, तर म्हणाले, ‘आहेस थोडी तशी. त्यात काय एवढं?’ त्याचंच जास्त लागलं. पुढे लग्नाचा व्हिडिओ आला. त्यात मी खांबाशी हात बांधून उभी, चेहरा असा की कुणावर तरी चिडलेय. मला माझीच ओळख पटेना. अक्कांचं बरं आहे, त्या बिनधास्त आहेत, त्यांना कसलीच भीती नाही. माझे वडील जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे, तेही अबोल होते, पण त्यांना कुणी शिष्ट म्हटलं नाही. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. कामावरही कुणाला तोडून बोलत नाही. परवाच एक म्हातारी अंगठ्याला साक्षीदार न आणता पैसे काढायला आली. मी तिला नियमाप्रमाणे परत पाठवलं, पण एक शब्द वावगा बोलले नाही.

मला एवढंच सांगा, खरी मी कोणती? मला आतून माहीत असलेली, की त्यांना दिसते ती? आणि सगळ्यांना सांगत सुटू का, की मी शिष्ट नाही, घाबरट आहे?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूनं वाचलं आणि अक्कांचा राग आला. दुसऱ्यांदा अक्कांच्या जागी बसून वाचलं. तिसऱ्यांदा त्या म्हातारीच्या जागी उभं राहून वाचलं आणि मग बराच वेळ लिहायला घेतलं नाही. तिच्याबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत. मला मात्र त्यांवर थांबून बोलायचं आहे, पण ते पुढे.

आधी तुमच्या भीतीबद्दल. तुमची भीती कुणालाही दिसत नाही. हे ऐकून नवल वाटेल, कारण आत एवढी धडधड चालू असताना ती बाहेर ऐकू जात नसेल यावर विश्वास बसत नाही. वाटतं, आपला कोरडा घसा, ओले तळहात सगळ्यांना कळतायत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली याच समजुतीवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांच्या एका प्रयोगात माणसांना पाच पेयं चाखायला दिली होती. त्यांतलं एक अगदी घाणेरड्या चवीचं. चाखताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि समोरच्यांनी चेहरा बघून ओळखायचं की घाणेरडं पेय कोणतं. चाखणाऱ्यांना वाटलं, काही जण तरी ओळखतील. ओळखलं त्याहून कमी जणांनी. तोंडात आंबट-खारट चव भरलेली असली की ती तोंडावर उमटलीच असेल असं वाटतं, पण समोरच्याला एक साधा चेहराच दिसत असतो.

आता त्या लग्नाकडे परत या. तुमची भीती दिसली असती तर अक्का तुम्हाला शिष्ट म्हणाल्याच नसत्या. आपल्याकडे भित्र्या सुनेला कुणी शिष्ट म्हणत नाही. तिला हाताला धरून पुढे ओढतात, ‘लाजतीस काय गं एवढी’ म्हणत ताटात आणखी एक पोळी वाढतात. तुम्हाला कुणी ओढलं नाही, कारण ओढायला हवं हे कुणाला कळलंच नाही. त्यांना दिसल्या त्या बांधलेल्या हाताच्या घड्या, खांबाकडे सरकलेली पावलं आणि गप्प तोंड. गप्प राहणाऱ्याचं मौन कुणी कोरं ठेवत नाही. प्रत्येक जण त्यात आपल्याजवळचं काहीतरी भरतो. अक्कांनी काय भरलं ते त्यांच्या तोंडूनच आलंय, ‘बँकेतली बाई’.

या दोन शब्दांपाशी मला जरा थांबायचंय, कारण इथे सगळा दोष तुमच्या पदरात टाकायची माझी तयारी नाही. तुमचे वडील अबोल होते, पण त्यांना कुणी शिष्ट म्हटलं नाही असं तुम्ही लिहिता. कसे म्हणतील? मागाच्या खडखडाटात दिवस काढून आलेला माणूस घरी गप्प बसला तर तो दमलेला असतो. पुढे तो शांत स्वभावाचा ठरतो, आणि म्हातारपणी त्यालाच लोक मितभाषी म्हणतात. त्याच घरातली लेक दुसऱ्या घरची सून होते, सकाळी दहाला पर्स घेऊन बाहेर पडते, महिन्याला स्वतःचा पगार आणते, आणि उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांना बसत नाही. ती गप्प बसली की मौनाचा अर्थ बदलतो. हे मी सोलापुरात आयुष्यभर पाहत आलेय आणि मला त्याचा त्रास होतो. ‘शिष्ट’ या शब्दातला एक वाटा तुमच्या वागण्याचा नाही. तुम्ही बाहेर जाता आणि त्या घरात राहतात, एवढ्यावरून आलेला आहे. तो वाटा तुम्ही हसून, बोलून, वाढायला धावून फिटणारा नाही आणि तो फेडायला जाऊही नका.

आता ‘सगळं लग्नघर माझ्याकडे बघतंय’ हे. नव्हतं बघत. गिलोविच यांनीच मेडवेक आणि सावित्स्की या सहकाऱ्यांबरोबर २००० साली आणखी काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्याला एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असेल. प्रत्यक्षात पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत आपण काय नेसलो होतो हे आपल्याला दहा वर्षं आठवतं, पण शेजारी उभी असलेली बाई काय नेसली होती हे त्याच संध्याकाळी आठवत नाही. तसंच त्या कार्यालयात तीन-चारशे माणसं असतील, त्यांतल्या दोघी तुमच्याबद्दल बोलत होत्या आणि बाकीचे जिलबीची वाट बघत होते.

व्हिडिओबद्दल मात्र मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते, कारण तुम्ही त्या एकात एक गुंतवल्यात. ‘मला माझीच ओळख पटेना’ हे जे वाटलं, ते सगळ्यांनाच वाटतं. आपला चेहरा आपण जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे उलटा. भांग या बाजूचा त्या बाजूला, तीळ या गालावरचा त्या गालावर. १९७७ साली अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी काही बायकांचे फोटो घेतले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटवलेला. त्या बायकांना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ. दोघींना तोच आवडला जो रोज पाहायची सवय होती. तेव्हा व्हिडिओतला चेहरा परका वाटला यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या मैत्रिणींना, मुलांना तोच चेहरा ओळखीचा आहे.

पण हात बांधलेले होते ते मात्र खरे. कॅमेऱ्यानं त्यात काही मिसळलं नाही. जे परकं वाटतं ते सोडून द्या. जे घडलेलं दिसतं ते ठेवून घ्या. म्हणजे एवढीच नोंद ठेवा, की त्या दिवशी मी खांबाशी होते, हात बांधून होते, आणि जितका वेळ चित्रित झालाय तेवढ्यात कुणाशी बोलले नाही. चिडका चेहरा वगैरे शेरे त्यात लिहू नका.

तुमचा मुख्य प्रश्न, ‘खरी मी कोणती’. मला वाटतं प्रश्नच थोडा चुकलाय. तो असा विचारायला हवा, की कशाच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली याचा शोध घेतला. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो, त्याचे मित्र काय सांगतात, अनोळखी लोक काय म्हणतात, आणि तो प्रत्यक्ष कसा वागतो, हे त्यांनी ताडून पाहिलं. आतली अस्वस्थता, धास्ती, स्वतःबद्दलची खात्री यांच्या बाबतीत माणूस स्वतः जास्त बरोबर निघाला. हुशारी, कल्पकता अशा, ज्यांत चांगलं-वाईट ठरवलं जातं त्या गुणांबाबत मित्रांचं म्हणणं अधिक बरोबर निघालं. आणि बोलकेपणासारख्या उघड्यावरच्या गोष्टी सगळ्यांनाच सारख्या कळतात.

म्हणून, तुम्ही भित्र्या आहात की नाही, यावर अक्कांचं मत धरायचं कारण नाही. त्या साक्षीच्या एकमेव मालकीण तुम्ही. पण तुमच्या शेजारी बसल्यावर माणसाला कसं वाटतं, याच्या साक्षीदार तुम्ही नाही. तुमच्या शेजारी तुम्ही कधी बसलाच नाहीत.

तुमच्या वडिलांच्या हातची एखादी चादर घरात असेल तर ती काढून पाहा. या बाजूला जिथे लाल आहे तिथे त्या बाजूला पांढरं, नक्षी तीच. ती घेऊन झोपलेल्याच्या अंगाला एक बाजू असते आणि खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दुसरी दिसते. झोपलेल्याला बाहेरची बाजू बघायची असेल तर त्याला उठून बसावं लागतं, किंवा कुणाला तरी विचारावं लागतं.

तुम्ही विचारलंत, मिस्टरांना. पण विचारलंत ते ‘मी शिष्ट आहे का?’ असं. असं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही यांतलं एक काहीतरी म्हणावं लागतं. ‘आहेस थोडी तशी’ हे त्यातलंच. मला ते क्रूर वाटलं नाही. तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहिलेला माणूस सहज बोलून गेला, आणि तो तुम्हाला तसं असूनही धरून आहे, हे त्याच्या ‘त्यात काय एवढं’मध्ये ऐकू येतं. पण अशा उत्तराचा उपयोग काही नाही. पुन्हा विचारा, वेगळं विचारा. एखाद्या रविवारी दुपारी, भांडण नसताना विचारा, ‘तुम्हाला तसं कधी वाटतं? मी काय करते तेव्हा?’ माणसाला निकाल मागितला की तो मोघम बोलतो. प्रसंग मागितला की त्याला काहीतरी आठवावंच लागतं. ‘माझे मित्र आले की तू चहा ठेवून आत निघून जातेस’, असं काहीतरी निघेल. लागेल, पण ते हातात धरता येण्यासारखं असेल.

आता ती म्हातारी.

‘एक शब्द वावगा बोलले नाही’, असं तुम्ही लिहिलंत. मी मान्य करते. पण ताई, शब्द किती बोललात? पूर्व भागातली पतसंस्था म्हणजे तुमच्या खिडकीशी येणाऱ्या बायांत विड्या वळणाऱ्या पुष्कळ. सकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायचा, तिथून विडी घरकुल या कामगार वसाहतीतून नाहीतर आणखी कुठून रिक्षाचं भाडं मोजून यायचं. घरात बोली तेलुगू, स्लिप मराठीत, सही येत नाही म्हणून अंगठा. नियमाला साक्षीदार लागतो हे तुम्हाला १४ वर्षं माहीत आहे, तिला त्या दिवशी कळलं. तिच्या जागेवरून काय दिसलं असेल? काचेपलीकडे एक बाई, खाली घातलेली मान, ‘साक्षीदार आणा’, आणि परत सरकवलेली स्लिप. पुढचा नंबर. ती घरी जाऊन शेजारणीला काय म्हणाली असेल याचा विचार करा. अक्कांचाच शब्द असेल, भाषा तेवढी वेगळी.

आणि इथे मला तुम्हाला एक कडू गोष्ट सांगायची आहे. लग्नाच्या कार्यालयात तुम्हाला भीती वाटत होती, मी मानते. पण काउंटरवर भीती नव्हती. तो काउंटर तुमचा आहे. संध्याकाळी कॅश शेवटच्या रुपयापर्यंत जुळवणारी बाई तिथे घाबरत नाही. तिथे मान खाली राहते ती सवयीनं. वर्षानुवर्षं भीतीपोटी गप्प राहिलं की गप्प राहण्याची सवय जडते. मग भीती जिथे नाही तिथेही सवय आपल्याबरोबर येते, आणि आपण मात्र मनात प्रत्येक वेळी भीतीचंच कारण लिहीत राहतो. अक्कांचा शब्द चुकीचा आहे, पण त्यांना जे दिसलं ते सगळंच खोटं नाही.

हे मी वरून बोलत नाही. मी २६ वर्षं शाळेत शिकवलं. स्वतःला मी फार मायाळू शिक्षिका समजत होते. एकदा एक सहकारी बाई माझ्या वर्गात मागे बसून पेपर तपासत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, ‘तुम्ही प्रश्न खिडकीकडच्या पोरांनाच विचारता.’ मला राग आला. पण त्या स्वतः पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या घरात वाढलेल्या, आणि उगाच काही बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणून आठ दिवस मी एका वहीच्या मागच्या पानावर खुणा केल्या, प्रश्न कुणाला विचारला त्याच्या. ४७ प्रश्न झाले. भिंतीकडच्या रांगेला त्यांतले ४. त्या रांगेत विडी कामगारांची, यंत्रमागावरच्या कामगारांची मुलं होती. घरी मराठी नाही, उत्तर देताना अडखळतील, इतर पोरं हसतील, म्हणून मी त्यांना विचारत नव्हते. माझ्या आत ती माया होती, शपथेवर सांगते. त्या बाकावरून काय दिसत होतं? बाई आपल्याला मोजतच नाहीत. त्या मुलांचंच बरोबर होतं. माझी माया त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, पोचत होता तो फक्त न विचारलेला प्रश्न.

मी तेव्हा स्वभाव बदलायला गेले नाही. स्वभाव बदलायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रोज त्या रांगेला पाच प्रश्न विचारायचे ठरवले आणि खुणा करत राहिले. तुम्हीही तेच करा. वही नको, कॅशच्या कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात खूण पुरे. स्लिप हातात घेताना मान वर करून समोरच्या माणसाकडे पाहिलं की एक रेघ. पहिले दोन दिवस मुद्दाम काही न बदलता नुसतं मोजा. मग बदला. रोज कॅश जुळवणाऱ्या बाईला मोजायला मी शिकवायची गरज नाही.

अक्कांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना कसलीच भीती नाही.’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही त्यांना बाहेरून पाहिलं, मोठा आवाज ऐकला, आणि आतलं ठरवून टाकलं. त्यांनी तुमच्याबाबतीत हेच केलं. घरातली धाकटी जाऊ शिकलेली, नोकरीवाली, महत्त्वाच्या कागदांवर सही करणारी. तिच्यासमोर आपलं काय, असं मोठ्या जावेला वाटत नसेल? वाटत असेल असं मी म्हणत नाही. तुम्हालाही माहीत नाही, एवढंच म्हणते. काही माणसं घाबरली की गप्प होतात आणि काही घाबरली की खूप बोलतात. दोन्ही प्रकारच्या बायका एकाच स्वयंपाकघरात असल्या की प्रत्येकीला वाटतं, भीती फक्त मलाच.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, सगळ्यांना सांगत सुटू नका. सगळ्यांना सांगितलं की तो खुलासा होतो, आणि खुलाशाला लोक आणखी एक शेरा जोडतात. एकीला सांगा, अक्कांना. लग्नात ऐकलेलं काढू नका. भोगी येतेय. तीळ लावून बाजरीच्या भाकरी, वांगं, गाजर, पावटा, हरभरा घातलेली भोगीची भाजी. त्या सकाळी तुम्ही दोघी एका ओट्याशी असणार. हात कामात असले की डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि तुमच्यासारख्या बाईला तेच सोपं. शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणा, ‘अक्का, गर्दीत गेलं की मला बोलायचं सुचत न्हाई बघा. हातपाय गार पडतात.’ पुढे काही जोडू नका. त्या काय म्हणतील ते म्हणू द्या. हसतील कदाचित. ‘तुला? बँकेत एवढ्या लोकांशी बोलतीस की!’ म्हणतील. तेव्हा सांगा, तिथे काच असते.

हे बोलून झाल्यावर तुम्हाला रात्रभर वाटेल, उगाच बोलले, मूर्खासारखं वाटलं असेल त्यांना. त्या वाटण्यावर फार भरवसा ठेवू नका. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिलं की नव्यानं ओळख झालेल्या दोघांचं बोलणं झालं की प्रत्येकाला वाटतं, समोरच्याला मी फारसा आवडलो नसेन. प्रत्यक्षात समोरच्याला तो त्याहून जास्त आवडलेला असतो. वसतिगृहात एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा फरक कित्येक महिने टिकून राहिला. तुम्ही-अक्का काही नवख्या नाही, पण या विषयावर मात्र दोघी नवख्याच.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. घसा कोरडा पडणं, घाम येणं हे लग्नकार्यापुरतं असेल तर वर लिहिलंय ते पुरे. पण त्या भीतीपायी तुम्ही कार्यक्रमांना जायचंच टाळत असाल, आदल्या रात्री झोप लागत नसेल, बढती नाकारली असेल, तर हा स्वभाव आहे म्हणून सहन करू नका. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. समोर बसून सांगणं जड जात असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोनवर तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही.

राहिली ती म्हातारी. ती पुन्हा येईल, तिचे पैसे तुमच्याकडेच आहेत. आली की मान वर करा. तिचं नाव पासबुकात लिहिलेलं असेल, तरी ते तोंडानं घ्या. साक्षीदार कशाला लागतो ते एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे तिच्या अंगठ्यावर दुसरंच कुणी तिचे पैसे काढू नये म्हणून. तुमचं तेलुगू असेल तसं चालवा, १४ वर्षांत थोडं तरी कानावर पडलं असेल. आणि नियमात बसत असेल तर रांगेतल्याच एखाद्या ओळखीच्या खातेदाराला हाक मारून विचारा, या आजींना ओळखता का, सही करता का.

भोगीला अक्का काय म्हणाल्या ते मला लिहून कळवा.